काढणी मजुरांची कौशल्यकसोटी

शेतातील वा फळबागेतील तयार पीक काढण्यासाठी मजूर नेमताना त्यांच्याकडून प्रत्यक्ष काढणीचेच काम थोड्या प्रमाणात करून घेऊन व ते पूर्वनिश्चित निकषांवर मोजून निवड करण्याच्या पद्धतीस काढणी मजुरांची कौशल्यकसोटी म्हणतात. मुलाखत, ओळखीच्या माणसाची शिफारस, अनुभवाची वर्षे किंवा शरीरयष्टी यांवरून मजुराच्या कुवतीचा केवळ अंदाज बांधता येतो. कौशल्यकसोटीत ती कुवत कामातूनच दिसते. फिटर, वेल्डर, कातारी यांसारख्या कारागिरांच्या बाबतीत अशी कसोटी कारखान्यांत फार पूर्वीपासून रूढ आहे. शेतमजुरांच्या बाबतीत मात्र ती औपचारिक रूपात क्वचितच आढळते. शेतमजुरी हे अकुशल काम आहे, हा रूढ समज याचे एक प्रमुख कारण होय. हा समज तपासून पाहण्यास नाशिक जिल्ह्यातील द्राक्षकाढणीचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे; कारण तेथे हाताची सफाई मालाच्या दरात तत्काळ उमटते, पण ती मजुराच्या मजुरीत उमटतेच असे नाही.

द्राक्षकाढणीतील कौशल्य : केळी, आंबा यांसारखी फळे झाडावरून उतरविल्यानंतर पिकतात. द्राक्ष मात्र तोडल्यानंतर पिकत नाही व त्याची गोडीही वाढत नाही. त्यामुळे घड केव्हा तोडावा, हा निर्णय चुकल्यास तो पुढे दुरुस्त करता येत नाही. बागेतील द्राक्षांतील साखर रिफ्रॅक्टोमीटर या उपकरणाने ब्रिक्स अंशांत मोजतात. परंतु एका वेलीवरील सर्व घड एकाच दिवशी तयार होत नाहीत आणि प्रत्येक घडाला उपकरण लावणे शक्य नसते. मण्यांचा रंग व पारदर्शकता, घडाच्या टोकाकडील मण्यांचा पक्वपणा आणि देठाची अवस्था यांवरून कोणता घड तोडावयाचा व कोणता आणखी काही दिवस वेलीवर ठेवावयाचा, हे मजुरालाच क्षणार्धात ठरवावे लागते.

तोडण्याची क्रियाही वाटते तेवढी सोपी नाही. द्राक्षाच्या मण्यावर मेणासारखा एक अतिशय पातळ नैसर्गिक थर असतो. त्यामुळे फळ ताजे दिसते व त्यातील पाणी लवकर उडून जात नाही. बोटांचा स्पर्श झाल्यास हा थर पुसला जाऊन मण्यावर डाग दिसू लागतो. म्हणून घड केवळ देठाला धरून कात्रीने कापावा लागतो. कात्रीचे टोक शेजारच्या मण्याला लागता कामा नये. कापलेला घड क्रेटमध्ये हळुवार ठेवावा लागतो. क्रेटमध्ये घडांचे अनेक थर झाल्यास तळचे मणी दबतात. सडलेले, तडकलेले, अतिलहान व उन्हाने भाजलेले मणी कात्रीच्या टोकाने काढताना चांगल्या मण्यांना धक्का लागू न देणे, हे या कामातील सर्वांत नाजूक अंग होय. एक फुटका मणी डब्यात राहिला, तर त्याच्या रसावर बुरशी वाढून सबंध डबा खराब होऊ शकतो. परदेशी जाणारा माल सागरी मार्गाने काही आठवडे प्रवास करीत असल्याने बागेत झालेली इजा तेथे दिसली नाही, तरी ती परक्या बंदरात उघडी पडते.

काढणी शक्यतो सकाळच्या थंड वेळेत केली जाते. तोडलेला माल सावलीत ठेवून काही तासांच्या आत पॅकहाऊसमध्ये नेतात. तेथे प्रतवारी व डबाबंदी करून पूर्वशीतन करतात व पुढे ०° ते १° से. तापमानात साठवितात. या साखळीची सुरुवात कात्री धरणाऱ्या हातापासून होते. कीडनाशकांचे अवशेष प्रयोगशाळेत तपासता येतात. यूरोपीय देशांना निर्यात होणाऱ्या द्राक्षांसाठी अपेडा या केंद्रीय संस्थेने सु. २००६ पासून ग्रेपनेट ही संगणकीय मागोवा व्यवस्था चालविली आहे. हाताच्या सफाईची तपासणी मात्र बागेतच होऊ शकते.

काढणीपूर्वीच्या विरळणीच्या कामालाही असेच कौशल्य लागते. मणी ज्वारी-बाजरीच्या दाण्याएवढे झाल्यानंतरच्या काळात घडातील जास्तीचे मणी व पाकळ्या कात्रीने काढतात. त्यामुळे उरलेल्या मण्यांना फुगण्यास जागा मिळते. निर्यातीसाठी मण्याचा व्यास सामान्यतः १६ मिमी. वा त्याहून अधिक असावा लागतो. विरळणी कमी झाल्यास मणी दाटतात, अधिक झाल्यास घड मोकळा व कमी वजनाचा होतो. ही चूकही भरून काढता येत नाही.

नाशिक जिल्ह्यातील मजूर व त्यांची नेमणूक : नाशिक जिल्ह्याचे पश्चिम व पूर्व असे दोन भिन्न शेतीविभाग पडतात. पश्चिमेकडील सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर व इगतपुरी हे तालुके सह्याद्रीच्या रांगांत असून तेथे पाऊस भरपूर पडतो. पण पावसाळ्यानंतर सिंचनाअभावी बहुतेक जमीन पडीक राहते. भात, नागली, वरई, खुरासणी ही तेथील प्रमुख खरीप पिके होत. पूर्वेकडील दिंडोरी, निफाड व चांदवड या तालुक्यांत पाऊस कमी, पण विहिरी, गोदावरी खोऱ्यातील कालवे आणि पालखेड, वाघाड, करंजवण यांसारखी धरणे यांमुळे बागायत वाढली आहे. पश्चिमेकडील खरिपाची कापणी संपते, त्याच सुमारास पूर्वेकडील द्राक्षबागांची फळछाटणी झालेली असते. या छाटणीनंतर सु. चार महिन्यांनी माल तयार होतो व साधारणतः जानेवारी ते एप्रिल या काळात काढणी चालते. या दोन ऋतुचक्रांच्या सांध्यावर जिल्ह्यातील मजुरांचे हंगामी स्थलांतर उभे आहे.

स्थलांतर करणाऱ्यांत कोकणा, महादेव कोळी, वारली या आदिवासी जमातींचे स्त्री-पुरुष मोठ्या संख्येने असतात. गुजरातमधील डांग जिल्ह्यातूनही मजूर येतात. काही मजूर नाशिकजवळील गिरणारे यासारख्या गावी सकाळी भरणाऱ्या मजूरबाजारात उभे राहून रोजंदारीने काम मिळवितात. तर काही टोळीने येऊन बागेतच किंवा बागेजवळ मुक्काम करतात. टोळीचा व्यवहार मुकादम ठरवितो. छाटणी, डिपिंग, विरळणी यांसारखी कामे पुष्कळदा एकरी दराने उक्ती दिली जातात. हंगामापूर्वी उचल देऊन टोळी बांधून ठेवण्याची प्रथाही आढळते. निर्यातीच्या मालासाठी निर्यातदार किंवा पॅकहाऊस अनेकदा स्वतःच्या सरावलेल्या टोळ्या बागेत पाठवितात.

या व्यवस्थेत कसोटी अजिबात नसते, असे नाही. ती अनौपचारिक असते. बागायतदार नव्या टोळीला प्रथम एखादी ओळ देतो, कडेला उभा राहून पाहतो आणि काम न पटल्यास दुपारपर्यंत टोळी बदलतो. या पाहणीत दोष असा की, निकष आधी सांगितलेले नसतात. एकाच्या चुकीने सबंध टोळी नाकारली जाते आणि अर्ध्या दिवसाच्या मजुरीचा प्रश्न वादाचा होतो. याउलट मुकादमाच्या शब्दावर टोळी स्वीकारली गेल्यास निष्णात मजूर व नवखा मजूर यांना एकच दर मिळतो. औपचारिक कौशल्यकसोटीचा हेतू या जुन्या पाहणीला नियम लावणे, हा होय.

ऊसतोडणीशी तुलना केल्यास हा फरक स्पष्ट होतो. ऊसतोड कामगाराची मजुरी तोडलेल्या उसाच्या टनांवर ठरते. सहनशक्ती व वेग यांचे माप वजनकाट्यावर आपोआप मिळते. द्राक्षकाढणीत केवळ वजन मोजल्यास जो मजूर सर्वांत निष्काळजी, तोच सर्वांत वेगवान ठरण्याचा संभव असतो.

कसोटीची रचना : कसोटी तयार करण्यापूर्वी कामाचे विश्लेषण करावे लागते. चांगला मजूर नेमके काय करतो, कोणत्या चुका महाग पडतात व त्यांपैकी कोणत्या थोड्या सांगण्याने सुधारतात, याची यादी अनुभवी मजूर, बागायतदार व पॅकहाऊसमधील प्रतवारी करणारे यांच्याकडून मिळवितात. अनुभवी मजुरांना वगळून केलेली यादी बहुधा अपुरी ठरते. कारण कात्री कोणत्या कोनात धरावी यांसारख्या गोष्टी त्यांनाच ठाऊक असतात.

कसोटीचे पुढील चार भाग पाडणे सोयीचे असते : (१) वेलीवरील खुणा केलेल्या घडांपैकी तोडण्यायोग्य घड ओळखणे व नंतर उपकरणाने त्याची पडताळणी करणे; (२) ठरावीक वेळात घड तोडून क्रेटमध्ये ठेवणे; (३) काही घडांतील सदोष मणी काढून ते स्वच्छ करणे; (४) कात्री, क्रेट व हात यांच्या स्वच्छतेचे नियम पाळणे. सर्व उमेदवारांना एकाच जातीच्या, सारख्या मालाच्या वेली व सारखीच हत्यारे द्यावी लागतात. एकाला सकाळी व दुसऱ्याला भर दुपारी तपासल्यास तुलना निरर्थक होते. मांडवाची उंची सु. दोन मीटर असल्याने ठेंगण्या व्यक्तींना प्रत्यक्ष कामात पाट वा रिकामा क्रेट पायाखाली घेण्याची मुभा असते. कसोटीतही ती असली पाहिजे. अन्यथा कौशल्याऐवजी उंचीचीच परीक्षा होते.

सूचना लेखी न देता तोंडी व प्रात्यक्षिकाने देणे आवश्यक असते. पुष्कळ मजुरांची बोली कोकणी-डांगी वळणाची असते व काहींना लिहिता-वाचता येत नाही. अक्षरओळखीचा या कामाशी संबंध नसल्याने तिच्या अभावी उमेदवार मागे पडू नये. मापनापूर्वी दहा-पंधरा मिनिटांचा सराव दिल्यास नव्या हत्याराचा वा अनोळखी बागेचा बुजरेपणा जातो. क्रेटवर नावाऐवजी क्रमांक घालून प्रतवारी करणाऱ्यास तो कोणाचा हे कळू न दिल्यास आणि दोघांनी स्वतंत्रपणे गुण दिल्यास पक्षपातास वाव राहत नाही. निर्यातीच्या बागेत कसोटी घेणे जोखमीचे असते. म्हणून स्थानिक बाजारासाठी राखलेल्या ओळी त्यासाठी निवडतात.

वेग व सफाई यांना किती भार द्यावयाचा, हे मालाच्या बाजारपेठेवर अवलंबून असते. समजा, एका तासात पहिल्या मजुराने ९० घड तोडले व त्यांपैकी ९ सदोष निघाले. दुसऱ्याने ७० घड तोडले व त्यांपैकी १ सदोष निघाला. पहिल्याचे निर्दोष घड ८१ व दुसऱ्याचे ६९ होतात. माल जवळच्या बाजारात जावयाचा असून एका सदोष घडामागे एका निर्दोष घडाची वजावट धरली, तर पहिल्यास ७२ व दुसऱ्यास ६८ गुण मिळतात. माल निर्यातीचा असून एक सदोष घड डब्यातील इतर घडांनाही बाधतो म्हणून तिप्पट वजावट धरली, तर हेच गुण अनुक्रमे ५४ व ६६ होतात. मजूर तेच आणि कामही तेच. पण क्रम उलटतो. म्हणून वजावटीचे प्रमाण कसोटीपूर्वी उमेदवारांना सांगणे हा कसोटीच्या प्रामाणिकपणाचा भाग ठरतो. वेगावर गुण मिळणार की सफाईवर, हे ठाऊक नसलेला मजूर स्वतःच्या समजुतीप्रमाणे काम करतो आणि ज्या खेळाचे नियम त्याला सांगितलेच नाहीत, त्यात हरतो.

यथार्थता : कसोटीतील यश व पुढील कामातील यश यांत किती मेळ आहे, यास कसोटीची यथार्थता म्हणतात. व्यावसायिक निवडीसाठी शास्त्रीय कसोट्या वापरण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत ह्यूगो म्यून्स्टरबर्ग या जर्मन-अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचे कार्य महत्त्वाचे मानले जाते. ट्रामचालकांच्या निवडीसाठी त्याने प्रत्यक्ष कामाशी मिळताजुळता प्रसंग रचून चाचण्या घेतल्या व त्यांची माहिती १९१३ मधील आपल्या ग्रंथात दिली. फ्रँक श्मिट व जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये अनेक दशकांतील संशोधनाचा आढावा घेऊन कामाच्या नमुन्यावर आधारलेल्या कसोटीचा पुढील कार्याशी असलेला सहसंबंध ०·५४, तर नुसत्या अनुभवाच्या वर्षांचा ०·१८ इतका दाखविला. २०२२ मध्ये पॉल सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी या आकडेमोडीतील काही दुरुस्त्या अतिरिक्त असल्याचे दाखवून पहिला आकडा ०·३३ व दुसरा ०·०७ असा खाली आणला. दोन्ही आढाव्यांचा निष्कर्ष एका बाबतीत सारखा आहे : किती वर्षे काम केले यापेक्षा काम कसे करून दाखविले, हे अधिक विश्वसनीय होय. नव्या आकड्यांवरून मात्र कसोटी म्हणजे भविष्यवाणी नव्हे, हेही ध्यानात येते.

शेतमजुरांपुरते पाहता कॅलिफोर्निया विद्यापीठाचे शेतमजूर व्यवस्थापन सल्लागार ग्रेगोरिओ बिलिकॉफ यांनी १९८० च्या दशकात द्राक्षवेलींची छाटणी व टोमॅटोची काढणी यांसाठी अशा कसोट्यांचा अभ्यास केला. छाटणी करणाऱ्यांच्या कसोटीतील कामगिरीवरून त्यांच्या पुढील कामाचा उपयुक्त अंदाज येतो, असे त्यात दिसून आले.

कसोटीला दोन अंगभूत मर्यादा आहेत. पहिली अशी की, कसोटीत माणूस जास्तीत जास्त किती करू शकतो हे दिसते. तो रोज किती करील हे दिसत नाही. एका तासाची चपळाई आठ तासांच्या उन्हात टिकेलच असे नाही. दुसरी मर्यादा नवख्यांबाबतची आहे. ज्याने कात्री कधी धरली नाही, त्याला कसोटीत शून्य मिळते. पण तो चार दिवसांत उत्तम मजूर होऊ शकतो. यावर उपाय म्हणून ब्रिटनमध्ये सिल्व्हिया डाउन्स यांनी शिक्षणक्षमतेच्या कसोट्या विकसित केल्या. त्यांत उमेदवाराला कामाचा एक लहान भाग प्रथम शिकवितात आणि मग तो करून घेताना चुका कशा घटतात हे पाहतात. प्रथमच स्थलांतर करणाऱ्या तरुण मजुरांसाठी हा प्रकार अधिक न्याय्य ठरतो.

व्यक्ती व टोळी : कसोटी व्यक्तीची घेतली जाते, नेमणूक मात्र पुष्कळदा टोळीची होते. ही नाशिकच्या संदर्भातील सर्वांत कठीण अडचण होय. टोळीत पती-पत्नी, भावंडे, एकाच पाड्यावरचे शेजारी असे परस्परांशी बांधलेले लोक असतात. त्यांपैकी चौघांना निवडून दोघांना परत पाठविले, तर बहुधा सहाही जण निघून जातात. टोळीच्या आत वडीलधारी माणसे नव्यांना शिकवितात, आजाऱ्याचे काम इतर जण ओढतात व मुक्कामावरील स्वयंपाक आणि लहान मुले यांची व्यवस्था आपापसांत लावतात. गुणांच्या तक्त्यात हे काहीच दिसत नाही.

यामुळे टोळीच्या बाबतीत कसोटीचा उपयोग निवड व नकार यांपेक्षा कामाची वाटणी ठरविण्यासाठी करणे अधिक व्यवहार्य असते. पक्व घड ओळखण्यात व तोडण्यात ज्यांचे गुण अधिक त्यांना कात्री, सदोष मणी काढण्यात ज्यांचा हात हलका त्यांना घड साफ करण्याचे काम आणि इतरांना क्रेटची ने-आण अशी विभागणी केल्यास टोळी न फोडता मालाचा दर्जा राखता येतो. चौदा वर्षांखालील मुलांना मजुरीच्या कामावर ठेवण्यास कायद्याने बंदी असल्याने टोळीबरोबर आलेल्या मुलांना कसोटीत वा कामात घेता येत नाही.

मजुरी व कायदा : कसोटीत तोडलेली द्राक्षे विकली जातात; म्हणजे कसोटी हे उत्पादक काम असते. त्या वेळेची मजुरी देणे न्यायाचे आहे, मग उमेदवार निवडला जावो वा न जावो. बिनमजुरीची कसोटी प्रत्येक सकाळी नव्या टोळीवर घेतल्यास ती फुकट काम करून घेण्याची युक्तीच होईल. पहाटे पाड्यावरून निघालेल्या मजुराचा दुपारनंतर बाजार उठलेला असतो. कसोटीत नाकारला गेल्यास त्याचा सबंध दिवस बुडतो. याकरिता कसोटी हंगामापूर्वी व शक्य तर मजुरांच्या गावाजवळ घेणे इष्ट ठरते.

किमान वेतन अधिनियमाच्या (१९४८) अनुसूचीत शेतीतील रोजगाराचा समावेश होता. समान वेतन अधिनियमाने (१९७६) सारख्या कामासाठी स्त्री-पुरुषांना सारखे वेतन देणे बंधनकारक केले व कामावर घेतानाही स्त्रियांबाबत भेदभाव करण्यास मनाई केली. या दोन्ही अधिनियमांची जागा वेतन संहितेने (२०१९) घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. उचलीच्या कर्जापायी मजुराला सक्तीने कामावर अडकवून ठेवणे वेठबिगार पद्धती (उच्चाटन) अधिनियमान्वये (१९७६) गुन्हा ठरू शकते.

स्त्रियांच्या दृष्टीने कौशल्यकसोटीला विशेष महत्त्व आहे. विरळणी, घड साफ करणे, प्रतवारी यांसारखी हलक्या हाताची कामे मोठ्या प्रमाणावर स्त्रिया करतात. ‘हलके काम’ या शब्दप्रयोगात हलका हात व हलकी मजुरी यांची सहज गल्लत होते. क्रमांक घातलेल्या क्रेटची तपासणी काम करणाऱ्याचे लिंग, जमात वा वय पाहत नाही. त्यामुळे कमी दराचे समर्थन करणे तिच्यानंतर अवघड होते. तथापि तीच कसोटी चुकीच्या हाती पडल्यास उलट परिणामही संभवतो. केवळ वेगाला गुण दिल्यास वयस्कर व अशक्त मजूर बाहेर फेकले जातात आणि कमी गुण हे दर पाडण्याचे निमित्त होते. म्हणून कसोटीचा निकाल मजुराला समजावून सांगणे, एकदा पुन्हा संधी देणे व कोणत्याही स्थितीत किमान वेतनाखाली न जाणे, ही पथ्ये आवश्यक मानावी लागतात.

प्रशिक्षण व प्रमाणपत्र : औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या योजनेची सुरुवात १९५० मध्ये झाली व तिच्यातून कारागिरांना प्रात्यक्षिक परीक्षेनंतर प्रमाणपत्र मिळू लागले. शेतीतील कामांसाठी भारतीय कृषी कौशल्य परिषद २०१३ मध्ये स्थापन झाली. २०१५ पासूनच्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वी अनुभवाने मिळविलेले कौशल्य तपासून त्यास मान्यता देण्याचीही तरतूद झाली. पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र (स्थापना १९९७) बागायतदारांना लागवड व काढणीपश्चात तंत्रांचे मार्गदर्शन करते. दिंडोरी तालुक्यातील मोहाडी येथील सह्याद्री फार्म्स ही शेतकरी उत्पादक कंपनी द्राक्षांची प्रतवारी, डबाबंदी व निर्यात मोठ्या प्रमाणावर करते. अशा केंद्रांत प्रतवारीचे नियम लिखित स्वरूपात असल्याने कसोटीचे निकष तेथून बागेपर्यंत नेणे सोपे जाते.

मजुराच्या हाती राहणारे प्रमाणपत्र व मुकादमाची शिफारस यांत मूलभूत फरक आहे. शिफारस मुकादमाबरोबर जाते. प्रमाणपत्र मजुराबरोबर जाते. एका बागेत सिद्ध झालेले कौशल्य दुसऱ्या बागेत पुन्हा सिद्ध करावे न लागणे, हा त्याचा प्रत्यक्ष लाभ होय. परंतु प्रमाणपत्रधारकास अधिक दर मिळत नसेल, तर ते मिळविण्यासाठी एक दिवसाची रोजंदारी बुडविण्यास कोणी तयार होणार नाही.

अन्य पिके : प्रत्येक पिकासाठी कसोटी वेगळी असते. महाराष्ट्र शासनाच्या २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणानंतर नाशिक परिसरात मद्यनिर्मितीच्या द्राक्षांची लागवड वाढली. या द्राक्षांच्या मण्याचा आकार वा त्यावरील डाग गौण असून निरोगी घड वेळेत तोडून लवकर कारखान्यात पोहोचविणे महत्त्वाचे असते. त्यामुळे तेथे वेगाला अधिक भार देता येतो. निफाड-लासलगाव भागातील कांद्याच्या काढणीत पात कापताना मान किती ठेवली, हा निकष असतो. मान अगदी मुळाशी कापल्यास साठवणीत कांदा सडतो. टोमॅटोच्या काढणीत दूरच्या बाजारासाठी रंग बदलू लागलेली व जवळच्या बाजारासाठी लाल झालेली फळे अचूक निवडणे, हीच मुख्य परीक्षा असते. बागलाण व मालेगाव भागातील डाळिंबात फळ न ओढता देठाशी कापणे महत्त्वाचे असते.

मर्यादा व महत्त्व : हंगामाच्या ऐन भरात मजुरांची टंचाई असते व त्या वेळी निवड करण्याइतके उमेदवारच मिळत नाहीत. अवकाळी पाऊस किंवा गारपीट यांची चिन्हे दिसू लागल्यास बागायतदार मिळेल त्या मजुराकडून माल उतरवून घेतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने महाराष्ट्रातील द्राक्षबागांची मोठी हानी केली होती. अशा प्रसंगी कसोटीस सवड राहत नाही. लहान बागायतदारास दोन परीक्षक व वेगळ्या ओळी राखणे परवडत नाही. त्यामुळे गावातील काही बागायतदारांनी, सहकारी संस्थेने किंवा उत्पादक कंपनीने मिळून हंगामापूर्वी कसोटी घेणे अधिक शक्य कोटीतील आहे.

या मर्यादा असूनही कौशल्यकसोटीचे महत्त्व केवळ चांगले मजूर मिळविण्यापुरते नाही. ज्या कामासाठी कसोटी घ्यावी लागते, ते काम कोणालाही येत नाही, ही गोष्ट कसोटी घेणाराच मान्य करीत असतो. बागेच्या एका टोकाला मजुराच्या हाताची कुशल म्हणून परीक्षा घ्यावयाची आणि दुसऱ्या टोकाला त्याच हाताला अकुशल म्हणून मजुरी द्यावयाची, ही विसंगती फार काळ टिकणारी नाही. कसोटी व मजुरी ही एकाच मापाने मोजली गेली, तरच बागायतदारास निर्दोष माल व मजुरास त्याच्या कसबाचे मोल मिळू शकते.